माणसे आठ

सरकारी कचेरीत प्रत्येक प्रवासाला एक नाव असावे लागते. कामानिमित्त बाहेर पडलो तर तो 'दौरा', बदली झाली तर 'बदलीवरील प्रवास', आणि सवलत घेऊन कुटुंबासह आपल्या गावी गेलो तर 'स्वग्रामभेट'. चार वर्षांच्या गटात एकदा स्वग्रामाऐवजी 'भारतात कोठेही' जाण्याची मुभा आहे; तो चौथा प्रकार. पाचवा प्रकार नियमांच्या पुस्तकास ठाऊक नाही. आम्ही दिल्लीतील एका मंत्रालयाच्या प्रशासन शाखेत लिपिक आहोत. इतरांचे असले अर्ज तपासण्यात आमची बारा वर्षे गेली. तरीही २०२४ च्या डिसेंबरात आम्ही स्वतः जो प्रवास केला, त्याला काय म्हणावे हे आम्हांस अजून नीटसे उलगडलेले नाही. अर्जावर 'स्वग्रामभेट' असे लिहिले. शेजारच्या काकूंनी "वर्षाच्या आत सहल?" असे विचारले, आणि विचारून झाल्यावर त्यांनाच अवघडल्यासारखे झाले. आईने त्यांना "वन्संना भेटायला चाललोय" एवढेच उत्तर दिले.

वडील त्याच वर्षीच्या ऑगस्टात गेले होते.

आमचे स्वग्राम इंदूर. महाराष्ट्रातील एखाद्या गृहस्थास हे सांगितले की तो क्षणभर थांबतो आणि "हो, पण मूळचे कुठले?" असे विचारतो. परप्रांती राहणाऱ्या वाचकांस हा प्रश्न अपरिचित नसेल. मूळचे कुठले हे आजोबांच्या आजोबांस ठाऊक असावे. ते होळकरांच्या पदरी चाकरीस आले आणि तेथलेच झाले. वडिलांचा जन्म इंदूरचा, शिक्षण इंदूरचे; विशीत ते दिल्लीस आले आणि एका खाजगी पेढीत हिशेबनीस म्हणून राहिले, ते थकेपर्यंत. त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी असलेली आत्या इंदुरातच दिली आणि इंदुरातच राहिली. वाडा भाऊबंदांनी मिळून केव्हाच विकला. तेव्हा आमच्या सेवापुस्तकात स्वग्राम म्हणून जे गाव नोंदलेले आहे, तेथे आमचे म्हणावे असे एकच घर आहे, आणि ते आत्याचे.

वडील गेले त्या दिवशीची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. तिच्यावाचून पुढचे काही कळणार नाही. ते पहाटे पाचच्या सुमारास गेले. सहाला आम्ही इंदूरला फोन केला. आतेभाऊ म्हणाला, "आईला घेऊन निघतो." परंतु त्या दिवशीच्या विमानांत जागा मिळेना, मिळाली ती दुसऱ्या दिवशी सकाळची. "उद्या दहापर्यंत पोचतो. थांबता येईल का?" असे त्याने विचारले. जमलेल्या अनुभवी मंडळींनी नकारार्थी माना हालविल्या. ऑगस्टचा उकाडा, पावसाची दमट हवा. आम्ही "थांबता येणार नाही" असे कळविले, आणि संध्याकाळी साडेसहाला निगमबोध घाटावर सारे आटोपले.

वस्तुतः थांबता आले असते. देह ठेवण्याची थंड पेटी भाड्याने मिळते हे आम्हांस ठाऊक होते. आमच्याच वसाहतीत ती दोन वेळा आलेली आम्ही पाहिली होती. आम्ही ती मागविली नाही. त्या घरात आणखी एक रात्र तशी काढण्याचे धैर्य आम्हांस नव्हते, आणि धैर्याची ही तूट आम्ही उकाड्याच्या नावे खर्ची टाकली.

दुसऱ्या दिवशीचे तिकीट आत्याने रद्द करविले. ती दहाव्याला आली नाही, तेराव्यालाही आली नाही. आतेभाऊ एकटा आला आणि आईच्या गुडघ्यांविषयी काहीसे बोलला. आत्याचे गुडघे दुखतात हे खरेच आहे. परंतु भावाच्या तेराव्याला ती गुडघ्यांमुळे आली नाही, असे आमच्या घरात कोणासही वाटले नाही.

त्यानंतर दीडदोन महिने फोन होत राहिले. प्रकृती विचारली जाई, हवापाण्याच्या गोष्टी होत. दिवाळी आम्ही करणार नव्हतोच. तिच्याआधी पंधरवडाभर वडिलांची कागदपत्रे लावत असताना त्यांच्या वहीत एक पाठकोरा कागद सापडला. एका बाजूस विजेचे बिल, दुसऱ्या बाजूस त्यांचे ते हिशेबनिसाचे उभे अक्षर. 'दिवाळीनंतर. इंदूर ३ दिवस. मांडव १. महेश्वर १. ओंकारेश्वर १. मोठी गाडी एक. माणसे ८.' खाली आठांची यादी होती. पहिले नाव आत्याचे. मग आतेभाऊ, वहिनी, आमची आई, आम्ही, आमची पत्नी, आमचे चिरंजीव. आणि अगदी शेवटी त्यांचे स्वतःचे. मांडवच्या ओळीपुढे कंसात लिहिले होते: 'अक्काला पायऱ्या नकोत.'

इंदूरला राहणारा माणूस मांडवला जात नाही, जसा दिल्लीचा माणूस कुतुबमिनारावर जात नाही. पाहुणे आले की मग जाणे होते. ही दोघे भावंडे पन्नास वर्षे एकमेकांना 'एकदा मांडव करू' असे सांगत आली होती. दर खेपेस कोणाचे तरी लग्न निघे, कोणाचे दुखणे निघे, नाहीतर वडिलांची रजा संपे.

आईने तो कागद आत्याला फोनवर वाचून दाखविला. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग आत्या म्हणाली, "डिसेंबरात या. ऊन बरं असतं तेव्हा."

रजेचा अर्ज भरावयास बसलो. सवलत घेणाऱ्या कर्मचाऱ्याने कुटुंबातील व्यक्तींची नावे अनुक्रमाने द्यावयाची असतात; आमच्यावर अवलंबून असलेले आईवडील त्यांत येत. मागील अर्ज संगणकावर उघडला. एक आम्ही, दोन पत्नी, तीन वडील, चार आई, पाच मुलगा. तिसरी ओळ काढून टाकली, तेव्हा खालच्या ओळी आपोआप वर सरकल्या. आई तिसरी झाली, मुलगा चौथा. इतरांच्या अर्जांत अशा दुरुस्त्या आम्ही आजवर कितीतरी तपासल्या होत्या आणि त्यांवर 'तपासले' अशी सही केली होती.

रात्रीच्या गाडीने निघालो. सकाळी उज्जैन मागे पडले, देवास आले, आणि खिडकीबाहेर माळव्याची काळी जमीन व गव्हाची कोवळी शेते दिसू लागली. वडील येथे नेमके जागे होऊन बसत आणि "आली आपली माती" असे म्हणत. आज कोणीच काही म्हणाले नाही. चिरंजीवांनी मात्र आजोबांच्या नेहमीच्या जागी, खिडकीशी, बैठक मारली होती.

इंदुरातले तीन दिवस पाहुणचाराचे गेले. वहिनींनी सकाळी पोहे-जिलबी मागवावी, दुपारी बाफले करावेत, संध्याकाळी आतेभावाने गरम तळलेले गराडू घेऊन यावे. गराडू हा माळव्यातला थंडीचा कंद. मसाला भुरभुरून, लिंबू पिळून खातात. ते वडिलांना फार आवडत. पुडा उघडला तेव्हा सर्वांना ते आठवले असावे, कारण सर्वजण एकदमच दुसऱ्या गोष्टी बोलू लागले. २०१७ पासून दरवर्षीच्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर कसे पहिल्या क्रमांकावर येते, हे आतेभावाने सविस्तर सांगितले. आम्ही दिल्लीच्या हवेचे रडगाणे गाइले. राजवाडा पाहिला, छत्र्या पाहिल्या, रात्री सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खाल्ला. आत्या आमच्याशी प्रेमानेच वागत होती. मुलाला जवळ घेई, सुनेला ताटात आग्रह करी. आम्ही नमस्कार केला तेव्हा पाठीवरून हातही फिरविला. परंतु ती आमच्याशी एकटी अशी एका खोलीत थांबत नव्हती. आणि आम्हीही, खरे सांगावयाचे तर, तशी खोली शोधीत नव्हतो. आई दोन्हींकडे पाही आणि गप्प राही. भिंतीवर यजमानांच्या तसबिरीशेजारी एक नवा खिळा ठोकलेला होता. त्यावर अद्याप काही लावलेले नव्हते.

चौथ्या दिवशी पहाटे मोठी गाडी आली आणि आम्ही मांडवास निघालो. इंदुराहून हे अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे. घाट चढून वर गेले की दरीने तुटलेल्या त्या विस्तीर्ण पठारावर माळव्याच्या सुलतानांचे अख्खे शहर पडलेले आहे. कमानी, घुमट, तलाव, आणि मधूनमधून गोरखचिंचेची ती अजस्र झाडे. बुंधा एखाद्या कोठीएवढा आणि फांद्या आखूड, जणू झाड उलटे रोवले आहे. त्याची मखमली कवचाची आंबट फळे रस्त्याकडेला विकावयास मांडलेली असतात.

वाटाड्याने सुरुवातीसच सांगितले की सुलतानांनी या शहराचे नाव 'शादियाबाद' म्हणजे आनंदनगरी असे ठेवले होते. आतेभाऊ उगाच खोकला. जहाजमहाल पाहिला. मुंज तलाव व कपूर तलाव यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर पंधराव्या शतकाच्या अखेरीस गियासुद्दीन खलजीच्या अमदानीत उभारलेली ती लांबच लांब वास्तू पाण्यात तरंगत असल्यासारखी दिसते. होशंगशहाची संगमरवरी कबर पाहिली. तेथे दाराशी एक शिलालेख आहे. शहाजहानचे काही वास्तुशिल्पी १६५९ साली येथे येऊन आदर व्यक्त करून गेल्याची त्यात नोंद आहे. दौऱ्यावर आलेल्या मंडळींनी नावे व साल व्यवस्थित लिहून ठेवलेले पाहून आम्हांस वडिलांची आठवण झाली. त्यांनी तो लेख वाटाड्याकडून दोनदा समजावून घेतला असता आणि वहीत उतरवला असता. हे आम्ही बोलून दाखविले नाही, तरी आतेभाऊ आमच्या खांद्याशी येऊन म्हणाला, "मामांनी वही काढली असती." त्या चार दिवसांत त्यांचे नाव प्रथमच उच्चारले गेले.

रूपमतीचा महाल पठाराच्या अगदी कडेवर आहे. नर्मदेचे दर्शन घेतल्यावाचून राणी रूपमती अन्न घेत नसे, म्हणून तिला रोज येथून नदी पाहता यावी अशी व्यवस्था होती, असे लोक सांगतात. १५६१ मध्ये अकबराच्या सैन्याने बाजबहादुराचा पराभव केला आणि ते राज्य संपले. तेथे पायऱ्या आहेत, म्हणून कागदातील सूचनेप्रमाणे आत्या खाली थांबली. तिच्यासोबत आई थांबली. आम्ही बाकीचे वर गेलो. दक्षिणेकडे निमाडच्या सपाटीवर धुके दाटले होते, नदी दिसेना. म्हणून मागे वळून खाली पाहिले. झाडाखालच्या कट्ट्यावर दोघीजणी बसल्या होत्या. आत्याने गोरखचिंचेचे फळ दगडावर फोडले होते आणि त्यातला गर ती आईच्या हातावर ठेवीत होती. आई काहीतरी बोलत होती. हात हलवून बोलत होती. ऑगस्टानंतर आईला इतके बोलताना आम्ही पाहिले नव्हते. आम्ही मुलाला आणखी थोडा वेळ वरच रमविले.

खाली आल्यावर आत्याने विचारले, "दिसली का नर्मदा?"

"नाही, धुकं होतं."

"मग उद्या महेश्वरला दिसेल," ती म्हणाली आणि आंबट चिंचेने तोंड वाकडे केले.

मांडवाहून महेश्वर चाळीस किलोमीटरांवर. घाट उतरताच निमाडचा ऊबदार प्रदेश लागतो. इंदुराच्या कोणाही मराठी माणसास महेश्वर परके वाटत नाही. अहिल्याबाईंनी आपली राजधानी येथे आणली आणि १७९५ मध्ये देह ठेवीपर्यंत येथून राज्य केले. किल्ल्यातील त्यांचा वाडा पाहताना त्याच्या साधेपणाने माणूस चकित होतो; आणि ती गादी तर इतकी लहान की आत्या थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "एवढ्याशा जागेत बसून?" पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेले, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये, एकुलता एक मुलगा मालेराव १७६७ मध्ये, जावई १७९१ मध्ये गेले आणि त्यांच्यामागे मुलगी मुक्ताबाई सती गेली. काशी, गया, सोमनाथ येथील त्यांची बांधकामे आपण लहानपणापासून ऐकतो. ही दुसरी यादी आम्ही त्या ओसरीवर प्रथमच एका दमात मोजली.

संध्याकाळी घाटावर उतरलो. पायऱ्या पुष्कळ. आत्याने काठी आईकडे दिली आणि आमच्या दंडाला धरून एकेक पायरी घेतली. ती आमच्या हाताला धरून चालत होती, पण बोलत नव्हती. नदीच्या मध्यभागी बाणेश्वराचे लहानसे देऊळ आहे, तेथे नावेने जातात. नावाड्याने विचारले, "कितने लोग?" आम्ही म्हणालो, "आठ."

त्याने आठ तरंगजाकिटे आणून पायरीवर टाकली. मग त्याने माणसे मोजली, पुन्हा मोजली आणि म्हणाला, "साहब, आप तो सात हैं." आम्ही आकड्यांत चुकणारे गृहस्थ नव्हे. चुकीची दुरुस्ती करण्याऐवजी आम्ही नदीकडे पाहत उभे राहिलो.

"मी नाही येत," आत्या म्हणाली. "तुम्ही जा. हा बसेल माझ्याजवळ." आई म्हणाली, "मीही बसते." तेव्हा आतेभाऊ, वहिनी, आमची पत्नी व मुलगा असे चौघे नावेत बसले. नाव निघाली. पायरीवर चार जाकिटे उरली.

"आठ सांगितलेस?" आत्याने विचारले.

"चुकून."

"कागदावर आठच आहेत." थोड्या वेळाने ती म्हणाली, "किती वाजता नेलंत त्याला?"

"साडेसहाला पोचलो होतो घाटावर. घरून पाचला निघालो."

"मी दहाला पोचले असते."

"हो, आत्या." येथे थांबता आले असते. आम्ही थांबलो नाही. "थंड पेटी मिळते तिथे. ठेवता आलं असतं. मला ठाऊक होतं. मी मागवली नाही. रात्र काढायची भीती वाटली मला."

आत्या पाण्याकडे पाहत होती. आम्ही रागाची वाट पाहत होतो. तो आला असता तर बरेच वाटले असते. ती सावकाश बोलू लागली. "तुझे आजोबा गेले अठ्ठ्याहत्तर साली, मे महिन्यात. हा दिल्लीला. तार गेली, गाडी मिळाली, पोचायला दीड दिवस लागला याला. बर्फाच्या लाद्या आणून ठेवलं होतं अण्णांना. रात्रभर मी लादीचं पाणी पुसत होते. पिळायचं, पुसायचं. म्हणून मला वाटलं, मी याच्यासाठी थांबवलं बापाला, आणि माझ्यासाठी कुणी थांबलं नाही."

आम्हांस काही बोलता येईना.

"पण एक सांगू का? पहाटे मलाही वाटलं होतं, नेऊन टाका एकदाचं. हा येवो न येवो. कुणाला बोलले नाही आजवर." मग आईकडे वळून तिने विचारले, "अंगावर काय होतं गं त्याच्या?"

"तुम्ही दिलेलं उपरणंच घातलं होतं, वन्सं," आई म्हणाली. "सत्तरीला दिलंत ते, इथलं, माहेश्वरी. ट्रंकेतून मीच काढलं."

आम्हांस हे ठाऊक नव्हते. त्या दिवशी आम्ही त्यांना उचलले, खांदा दिला, अग्नी दिला. उपरणे कोणते होते हे आम्ही पाहिले नव्हते. आत्याने काठाचा रंग विचारला, आईने सांगितला. किती वेळा वापरले होते, धुतल्यावर आटले होते का, हेही तिने विचारले. मग दोघी रडल्या. आम्हीही रडलो, घाटावर पुष्कळ माणसे होती, पण नदीच्या काठी कोणी कोणाकडे पाहत नाही. नाव परत येताना चिरंजीवांच्या हाका दुरूनच ऐकू येऊ लागल्या, तेव्हा आत्याने पदराने तोंड पुसले आणि "याला भूक लागली असेल" असे म्हणून ती उठण्यासाठी हात मागू लागली.

घरात जे चार महिने व तीन दिवस बोलता आले नाही, ते परक्या गावाच्या पायरीवर बोलता का आले, याचा आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. घरात माणसे समोरासमोर बसतात. दुखवट्याच्या भेटीत तर पाहुणा आणि यजमान एकमेकांच्या चेहऱ्यावर दुःख किती आहे हे मोजीत असतात. सहलीत सारी एका बाजूस बसतात आणि समोरच्या एकाच गोष्टीकडे पाहतात. कधी घुमटाकडे, कधी पाण्याकडे. शेजाऱ्याचा चेहरा दिसत नाही, आवाज तेवढा ऐकू येतो. कबुली देण्यास हे पुरेसे असावे. वडिलांनी आखले ते काही या हेतूने नव्हे. त्यांना मांडव पाहावयाचे होते, एवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यात लिंगार्चन पाहिले. अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलेला हा परिपाठ आहे. ब्राह्मण मातीची लहान लहान असंख्य शिवलिंगे हाताने घडवून पाटांवर मांडतात, त्यांची पूजा करतात आणि मग ती नर्मदेत विसर्जित करतात. आत्याने एका गुरुजींना विचारले, "रोज?" ते म्हणाले, "रोज." ती बराच वेळ तेथे बसली होती.

तिचे गुडघे सुजले होते, म्हणून ओंकारेश्वर सोडून दिले आणि तेथूनच इंदुरास परतलो. निघण्याच्या दिवशी आईने बॅगेतून वडिलांचा एक फोटो काढून आत्याला दिला. तो ती दिल्लीहूनच घेऊन आली होती. द्यावा की न द्यावा हे तिचे ठरत नव्हते. आतेभावाने तो त्या नव्या खिळ्यावर लावला.

२०२५ च्या ऑगस्टात वर्षश्राद्धासाठी आत्या विमानाने दिल्लीस आली. तिच्या इच्छेप्रमाणे आम्ही तिला निगमबोध घाटावर नेले. "कुठे?" तिने विचारले. आम्ही जागा दाखविली. दहा मिनिटे ती काठीवर भार देऊन उभी राहिली आणि मग "चल" म्हणाली.

घरी आल्यावर तिने तो कागद मागून घेतला. आईने इंदूर, मांडव व महेश्वर या ओळींपुढे केव्हातरी पेन्सिलीने बरोबरच्या खुणा केल्या होत्या. आत्याने चष्मा लावून त्या तपासल्या. "ओंकारेश्वर राहिलं," ती म्हणाली. आमच्या सवलतीचा पुढचा गट २०२६ पासून सुरू होतो, हे आम्ही तिला सांगितले. तिने कागदाची घडी घातली आणि तो आईकडे परत दिला. 'माणसे ८' हा आकडा मात्र तिने बदलू दिला नाही.